सेवा म्हणा आणि पगार कापा

‘सिस्टर’ ही हाक मला हल्ली खटकू लागली आहे. आणि ‘देवदूत’ हा शब्द तर त्याहून जास्त.

दरवर्षी १२ मे उजाडला, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस आला, की हातात दिवा घेतलेल्या बाईची चित्रं मोबाइलवर येऊन पडतात. खालचा मजकूर ठरलेला. त्यागमूर्ती, ममतेचा झरा, पांढऱ्या वेषातली परी वगैरे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर यंदा अशी नऊ चित्रं आली. (मोजायची सवय जुनी आहे. पटावरची मुलं मोजण्यात जन्म गेला.) या नऊ चित्रांत ‘हुशार’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘अभ्यास’ नव्हता, ‘कौशल्य’ नव्हतं. पगाराचं तर नावच सोडा.

मंडळी, हे कौतुक निरुपद्रवी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्याला देवदूत म्हटलं की त्याला भूक लागत नाही, त्याचे पाय दुखत नाहीत, त्याला घरभाडं भरावं लागत नाही, असं आपण सोयीस्करपणे धरून चालतो.

हे मी शिक्षकी पेशात राहून शिकले. ज्या कामाला ‘सेवा’ म्हणायचं ठरतं, त्याचे पैसे कमी द्यायची सोय आपोआप होते. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. रीतसर डी.एड. झालेला, वर्गावर उभा राहून पूर्ण वेळ शिकवणारा माणूस, पण पहिली तीन वर्षं त्याला शिक्षक म्हणायचं नाही, ‘सेवक’ म्हणायचं. प्राथमिक शाळेत त्याला महिन्याला ३००० रुपये. २०१२ मध्ये त्याचे ६००० झाले आणि १६,००० व्हायला २०२३ उजाडावं लागलं. शिवाय त्याला पगार म्हणायचं नाही, ‘मानधन’ म्हणायचं. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका यांनाही तेच मानधन. काय शब्द शोधून काढला आहे! त्यात मानही आहे आणि धनही आहे. फक्त हातात पडताना दोन्ही कमी पडतात.

परिचारिकांच्या सरकारी पदांची नावं बघा. वर्षानुवर्षं चालत आलेली ही नावं अशी: अधिपरिचारिका, तिच्या वर परिसेविका, तिच्या वर अधिसेविका. म्हणजे बाई बढती घेत वर चढली की परिचारिकेची ‘सेविका’ होते! शिक्षकाचा मुख्याध्यापक होतो, मुख्यसेवक होत नाही.

आता ‘सिस्टर’. इंग्रजांच्या इस्पितळात सिस्टर हा हुद्दा होता. अख्ख्या वॉर्डाची जबाबदारी जिच्याकडे ती सिस्टर. आपण त्या हुद्द्याचं नातं करून टाकलं. आपल्याकडच्या दवाखान्यात एकदा कान देऊन ऐका. नर्स म्हणजे सिस्टर, आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा. सगळं गणगोत जमलेलं. पण डॉक्टरांना ‘काका’ अशी हाक मारलेली कुणी ऐकली आहे? तिथे बरोबर ‘सर’ किंवा ‘मॅडम’. नातं लावलं की हक्काने राबवून घेता येतं, आणि बहिणीने बहिणीच्या कामाचे पैसे मागायचे नसतात. हा सगळा आपल्या गोड भाषेचा कावा आहे.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते, असं मला चरकसंहिता बघून वाटलं. (पूर्वजांचं नाव काढलं की मी सहसा सावध होते, पण इथे पुरावा आहे.) उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा वैद्याचा हरकाम्या नव्हे, चार पायांपैकी एक पाय. त्याचे गुण किती आणि कोणत्या क्रमाने सांगितले आहेत ते पाहा. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच. पहिलं ज्ञान, मग कामातली दक्षता, मग माया, मग शुचिता. माया आहे, पण तिसऱ्या क्रमांकावर. आपण पहिले दोन खोडले आणि तिसऱ्याच्या आरत्या करत बसलो.

‘खामोशी’ नावाचा १९७०चा हिंदी सिनेमा पुष्कळांना आठवत असेल. वहिदा रेहमानची नर्स. कामं सगळ्यांची सुंदर, गाणी तर काय सांगावीत. पण त्यात औषध कसलं, तर नर्सने रोग्यावर प्रेम करायचं, आणि शेवटी तीच वेडी होते. प्रेक्षक डोळे पुसत घरी. असो.

अरुणा शानबागबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली पंचवीस वर्षांची नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कामातल्या गैरप्रकाराबद्दल तिने त्याला जाब विचारला होता, त्याचा राग. ती तळघरात कपडे बदलायला गेली असताना त्याने तिला गाठलं. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्याला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षं. अरुणा १८ मे २०१५ रोजी गेली. मधली एकेचाळीस-बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली.

यावर वर्तमानपत्रांत काय आलं? माया, त्याग, बहिणीचं प्रेम. ते होतंच, नाही कोण म्हणतं. पण इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या शरीराला शय्याव्रण होऊ न देणं हे मायेने होत नाही हो! घरोघरी मायेची माणसं असतात आणि पंधरा दिवसांत आजोबांच्या पाठीला जखम झालेली असते. दर दोन तासांनी कूस बदलायची. ती कशी, कुठे आधार देऊन, कातडी न घासता, हे कळावं लागतं. कुठे लाली आली की धोका ओळखायचा, घास श्वासनलिकेत जाऊ न देता भरवायचं कसं, हे शिकावं लागतं. जाणत्या हातांचं काम आहे ते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला, तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा हक्क अर्ज करणाऱ्या लेखिकेचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने मानलं. परिचारिकेच्या शब्दाला एवढं वजन मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

नाहीतर वजन किती असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, सगळीकडे कमी-अधिक तेच. ह्यांना मधुमेह. सकाळी ऑपरेशन म्हणून रात्री बारापासून तोंडात पाणीसुद्धा नाही. आणि फाइलमध्ये सकाळचं इन्सुलिन नेहमीइतकंच लिहिलेलं. रात्रपाळीची मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, लातूरकडची. पहाटे सुई भरायला आली, फाइल वाचली आणि थांबली. साखर तपासली. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, “लिहिलंय ते द्या ना सिस्टर, कशाला उठवता?” ती शांतपणे म्हणाली, “सर, पेशंट एनबीएम आहे. हा डोस मी देणार नाही. तुम्ही मॅडमना विचारा.” आणि फाइलवर वेळ घालून तसं लिहून ठेवलं. वीस मिनिटांनी डोस बदलून आला.

त्या रात्री वॉर्डात सोळा रुग्ण होते. त्यांना दोन जणी, त्यातली एक विद्यार्थिनी. भारतीय परिचर्या परिषदेने सांगितलेलं प्रमाण साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक असं आहे. म्हणजे ती तिघींचं काम दीड माणसात करत होती आणि तरीही फाइल वाचत होती.

ऑपरेशन नीट झालं. पेढ्यांचा बॉक्स डॉक्टरांना गेला. त्या मुलीला आमच्या घरातल्या एकांनी पाचशेची नोट मुठीत दाबायला बघितली, ‘चहापाण्याला’. तिने ती तशीच परत दिली. (भावजी, वाचत असाल तर रागावू नका. पण डॉक्टरांना फी पाकिटातून आणि नर्सला नोट मुठीतून, यातच सगळं आलं.) तिचा पगार मी विचारला. चौदा हजार.

सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६च्या आदेशानंतर केंद्राने एक समिती नेमली. समितीने सांगितलं की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला २०,००० रुपयांच्या खाली पगार नको आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्या. ही शिफारस होती, म्हणजे पाळली तर पाळली. केरळात २०१७ साली परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. देवदूतांना संप करावा लागला. आपल्याकडे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीच्या विरोधात सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरलं’ अशी ओरड झाली. त्याआधी दोनच वर्षं, २२ मार्च २०२० रोजी, आपण गच्चीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. मग ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. आणि त्याच दिवसांत नर्स भाडेकरूंना ‘तूर्त दुसरीकडे बघा’ म्हणणारे घरमालकही आपल्यातलेच होते.

आता दुसरी बाजू. “बाई, तुम्ही एकदा सरकारी प्रसूतिगृहात जाऊन बघा, कशा बोलतात,” असं मला कुणीतरी सांगणारच. गेले आहे मी. कळा सोसणाऱ्या, गरीब घरच्या बाईला ‘तू’ने बोलणं, ओरडणं, प्रसंगी हात उगारणं, हे घडतं, आणि कामाचा ताण हे त्याचं स्पष्टीकरण असलं तरी समर्थन होत नाही. डॉक्टरांसमोर मान खाली आणि गरिबासमोर आवाज वर, ही आपल्या समाजाची जुनी उतरंड आहे, ती नर्सच्या टोपीखालीही असते. पण मग तिला व्यावसायिक माना ना! व्यावसायिकाविरुद्ध तक्रार करता येते, चौकशी होते, नोंदणी रद्द होऊ शकते. देवीची फक्त आरती करता येते, नाहीतर मागून शिव्या देता येतात. आपण सध्या हे दोन्ही करतो.

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. (पाट्यांवर तो हमखास ‘सुश्रुषा’ असा चुकवलेला दिसतो. माझा हात खडूसाठी शिवशिवतो.) नर्सने रोग्याचं ऐकायचं हे तर खरंच. पण नर्सचं कुणी ऐकायचं? ती ‘हा डोस देणार नाही’ म्हणते तेव्हा?

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीला बारावीला चांगले गुण आहेत आणि तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे. नाइलाज म्हणून नाही, आवड म्हणून. गेले तीन आठवडे तिला जे ऐकवलं जातंय ते मी ऐकते आहे. रात्रपाळी असते. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावावा लागतो. लोकांची घाण काढायची. स्थळं येणार नाहीत. “एवढे मार्क आहेत तर निदान फार्मसी तरी घे.”

परक्याच्या अंगाला डॉक्टरही हात लावतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. रात्रपाळी आयटीतही असते, तिला तर आपण ‘यूएस शिफ्ट’ म्हणून मिरवतो. मग अडचण कशाची आहे? खरी अडचण ‘घाणी’ची आहे. आणि घाण कुणी काढायची, हे आपल्याकडे जातीने ठरवून ठेवलेलं होतं. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून मुलींना, त्यातही विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायची खटपट केली, त्यालाही शंभराहून अधिक वर्षं झाली. आपण अजून त्याच दारात विटाळ धरून उभे आहोत, आणि १२ मेला दिव्याची चित्रं पाठवतो आहोत. यंदाच्या नऊ चित्रांपैकी दोन तर ‘स्थळं येणार नाहीत’ म्हणणाऱ्यांनीच पाठवली होती.

मुलीच्या आईवडिलांशी माझं बोलणं झालं आहे. पहिल्या वर्षाची फी माझ्या पेन्शनमधून जाईल. ज्या नातलगांना यावर काही म्हणायचं असेल त्यांनी तिला फोन करू नये, तिला अभ्यास आहे. मला करावा, संध्याकाळी पाचनंतर. दुपारी मी झोपते.