विचारलं तर सांगते

सरकारी इस्पितळाचा वॉर्ड असो की गल्लीतलं नर्सिंग होम, रात्री सलाइन संपत आलं की कॉटशेजारी बसलेला माणूस दाराशी जाऊन एकच हाक मारतो, ‘‘सिस्टर, जरा बघता का?’’ हाक मारणारा माळकरी असतो, नमाजी असतो, नास्तिकही असतो. जिला हाक मारली तिचा धर्म त्याला ठाऊक नसतो आणि त्या घटकेला तो जाणून घ्यायचाही नसतो. ‘सिस्टर’ हा शब्द मुळात ख्रिस्ती मठांतल्या व्रतस्थ भगिनींचा. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यांचं संबोधन त्या कामालाच चिकटलं. आज मराठीत हा शब्द कुणालाच परका वाटत नाही. तो रुजवण्यासाठी कुणी भाषण केलं नव्हतं.

माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. दर दिवाळीला पाडव्याच्या सुमारास आमच्याकडे एक पितळी डबा यायचा. चकल्या, अनारसे, शंकरपाळ्या. डबा कुणाकडून येतो हे आम्हा मुलांना माहीत होतं. का येतो, हे माहीत नव्हतं. एके वर्षी तो घेऊन आलेल्या मुलीनेच सांगितलं. तिची आजी अंथरुणाला खिळली होती आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. तेव्हा ड्युटी संपली की आई त्यांच्या घरी जायची, जखमा धुवायची, कूस बदलून द्यायची, चादर बदलायची. असे तीन महिने. आई दवाखान्यात अडकली असेल, असं आम्ही समजत होतो. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही आपल्याकडची रीत. नाताळात तोच डबा आमच्या करंज्या घेऊन त्यांच्याकडे जायचा. ती आजी गेली, आईही गेली. डब्याचं जाणं-येणं अजून चालू आहे.

मी एकदा आईला विचारलं होतं, ‘‘त्या आजींना तू प्रभूविषयी काही सांगायचीस का गं?’’ ती म्हणाली, ‘‘विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर ड्रेसिंग करते.’’

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘सेवा’ ठरला, तेव्हा तिचं हेच उत्तर माझ्यासमोर होतं. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोचवावी, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याही प्रवचनात मिळालेलं नाही. ते तिचं एकटीचं नव्हतं. ज्या रात्री येशूला पकडलं, त्याच रात्री त्याआधी त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी नोकराचं होतं. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी अनेक चर्चमध्ये धर्मगुरू आजही गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. दारी आलेल्याला पाय धुवायला पाणी देणाऱ्या, काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती करणाऱ्या संत एकनाथांची गोष्ट लेकरांना सांगणाऱ्या या मातीत त्या पाय धुण्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

याच मातीतल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पण स्वतःची प्रार्थना त्या दार उघडं ठेवून करत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं, अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, आपल्याच धर्मात राहिल्या आणि १८९६ साली कर्व्यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली. रमाबाईंच्या कामाचं फळ मोजताना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जगलेल्या दुष्काळातल्या मुली मोजाव्यात, तसा पुढे हिंगण्याला गेलेला कर्व्यांचा हा आश्रमही मोजावा. ज्या श्रद्धेतून सदन उभं राहिलं, ती न स्वीकारताही एका मुलीला तिथून बळ मिळालं. सेवा खरी असल्याची खूण हीच.

मिरजेचंही तसंच. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. मिरजेला आज वैद्यकीय पंढरी म्हणतात, त्याची सुरुवात तिथून झाली. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. तिथे उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं, की हे नाव क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारणाऱ्या एका डॉक्टरचं आहे? ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. माणसाचं नाव गावाचं झालं, यापुढे आणखी काय मागायचं?

आणि फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले हे जेझुइट धर्मगुरू नगर जिल्ह्याच्या कोरड्या गावांत रमले. पाणलोटाचं काम त्यांनी हाती घेतलं, १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, बांध घालायचे, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मुरलेलं पाणी पुढे ज्या विहिरीत उतरतं, तिचा मालक कोण हे पाण्याला कळत नाही. फादरांनाही ते विचारायचं नव्हतं.

सेवेच्या आडून धर्मप्रसार होतो, हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो ऐकून चिडण्यापेक्षा ख्रिस्ती माणसाने आधी स्वतःला तपासावं, असं मला वाटतं. दुष्काळात धान्याच्या पोत्याबरोबर कुठे अपेक्षाही पोचली असेल. औषधाच्या पुडीसोबत कुठे अटही दिली गेली असेल. जिथे तसं झालं, तिथे सेवेचा सौदा झाला आणि प्रभूचं नाव उणावलं. भुकेल्याच्या भुकेचा फायदा घेणं म्हणजे सुवार्ता नव्हे. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हातालाही कळू नये, ही शिकवण आम्हाला आहे. ती पाळली तर आक्षेपाला उत्तर द्यावंच लागणार नाही.

म्हणून मग श्रद्धेविषयी गप्पच बसायचं का? नाही. आईने ‘नाही सांगत’ असं म्हटलं नव्हतं. ‘विचारलं तर सांगते’ असं म्हटलं होतं. विचारावंसं वाटेल असं वागणं, हे आपलं काम. विचारायचं की नाही, हा समोरच्याचा अधिकार.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. जिन्यावरच्या एकट्या आजोबांना दर महिन्याला बँकेत घेऊन जावं. डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्यासोबत चार तास बसावं. सुतकाच्या घरी पिठलं-भात पोचवावा आणि भांडी आपणच घासून आणावीत. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत हे कमी होत चाललं आहे, याची मला मनापासून खंत वाटते. या अंकातले लेख, कथा आणि कविता अशी सेवा करणाऱ्या माणसांभोवती फिरतात. 

वाचकहो, तुमच्या ओळखीत अंथरुणाला खिळलेलं कुणीतरी नक्की असेल. भाऊबीजेच्या आत त्यांच्याकडे तासभर जाऊन या. फराळाचा डबा न्याच, पण तो दिल्यावर लगेच उठू नका. उशी नीट करा, पाणी द्या, त्यांचं बोलणं ऐका. कशासाठी आलात, असं कुणी विचारलं तर खरं ते सांगा. नाही विचारलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.