जवळचे मेडिकल

नागपुरात ‘जरा मेडिकलला जाऊन येतो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि दुसरे गल्लीच्या तोंडाशी असलेले औषधांचे दुकान. डोळा लाल झाला की बहुतेक कुटुंबे या दुसऱ्या मेडिकलकडेच वळतात. दुकानदार काउंटरपलीकडून डोळ्याकडे बघतो, मागच्या खणातून बाटली काढून देतो. पाच मिनिटांत काम होते. रुग्णालयात निम्मा दिवस जातो, रोजंदारीवाल्याची मजुरी बुडते. त्यामुळे या सवयीला नुसते अज्ञान म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली. जुलैत आळंदीत तिचा बोभाटा झाला आणि ऑगस्टमध्ये राज्यातील रुग्णांची संख्या लाखाच्या पुढे गेली. आपल्या विदर्भातला बुलढाणा जिल्हा त्यात आघाडीवर होता. अशी साथ बहुधा विषाणूंची असते. जंतुनाशक थेंबांना विषाणू दाद देत नाहीत. डोळा आठ-पंधरा दिवसांत आपला आपण निवळतो आणि श्रेय मात्र बाटलीला मिळते. शिवाय बाटली एक आणि डोळे घरातल्या पाच जणांचे! तिचे तोंड एकाच्या पापणीला लागले की पुढचा रुग्ण घरातच तयार होतो.

खरी भीती आहे ती स्टेरॉइड असलेल्या थेंबांची. लाली, खाज, सूज एक-दोन दिवसांत ओसरते, म्हणून लोकांना ते ‘लागू पडतात’. आपल्याकडच्या कोरड्या, रखरखीत उन्हाळ्यात काही मुलांचे, त्यातही मुलग्यांचे, डोळे ॲलर्जीने विलक्षण खाजतात आणि दरवर्षी खाजतात. पहिल्या वर्षी आई डॉक्टरांकडे नेते. ते थोड्या दिवसांपुरते स्टेरॉइड लिहून देतात, हळूहळू बंद करायला सांगतात. दुसऱ्या वर्षी जुनी चिठ्ठी चालते. तिसऱ्या वर्षी रिकामी बाटली दाखवली तरी पुरते. अशा सततच्या वापराने काही मुलांच्या डोळ्यांतला दाब वाढत जातो. बहुधा दुखत नाही, डोळा वरून स्वच्छ दिसतो, आणि आतली नस सुकत असते. नजर कडांकडून जाते, त्यामुळे मुलाच्याही ध्यानात येत नाही. हाच काचबिंदू. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, काचबिंदूने नेलेली नजर परत आणता येत नाही.

शेतकऱ्याची गोष्ट याहून झटपट बिघडते. मळणीच्या वेळी सोयाबीनचे कूस डोळ्यात उडते, बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी धरते. त्यावर स्टेरॉइड घालणे म्हणजे बुरशीला मोकळे रान देणे. सुरुवातीला बरे वाटते. मग बुबुळावर पांढरा डाग दिसू लागतो.

मी बँकेत नोकरी केली. सही जुळली नाही तर शेजाऱ्यालाही शंभर रुपये देत नसू आणि तो त्याचा फारसा रागही धरत नसे. स्टेरॉइडचे थेंब ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायचे नाहीत. पण चिठ्ठी मागणारा फार्मासिस्ट मात्र आपल्याला आडमुठा वाटतो. पुढचे दुकान चार पावलांवर असतेच.

थेंबांवरची आपली श्रद्धाही मोठी. २०२४ मध्ये मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या ‘प्रेसव्यू’ थेंबांनी चाळिशीचा चष्मा सुटणार, अशा बातम्या झळकल्या. त्यातले पिलोकार्पिन काचबिंदूसाठी कित्येक दशके वापरात आहे. ते बाहुली लहान करते, म्हणून काही तास जवळचे स्पष्ट दिसते, एवढेच. मंजुरी नसलेले दावे केल्याबद्दल औषध महानियंत्रकांनी १० सप्टेंबर २०२४ रोजी परवानगी स्थगित केली. पण तोवर चष्मा उतरवायला निम्मा देश तयार होता!

तूर्त घरातल्या बाटल्या काढून पाहाव्यात. उघडून महिना झालेली बाटली टाकून द्यावी, छापील तारीख पुढची असली तरी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ते थेंब बरेच दिवस घातले जात असतील, तर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. मोठे मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे नेत्रविभाग आहेत. ही नावे बहुधा इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असतात की, घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतलेली बरी.