पाण्याचाही वाफसा राखावा लागतो
बादलीतील पिकासाठी हवेचा पंप निवडताना

जमिनीस वाफसा आल्यावाचून पेरणी करू नये, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी समतोल स्थिती आली म्हणजे वाफसा झाला. पाणी साचलेल्या रानात तूर वा कपाशी पिवळी पडते, याचे कारण मुळांभोवतीची हवा नाहीशी होते हे होय. हा नियम सर्वांस मान्य आहे. तथापि, मातीविना पाण्यात पीक घेण्याच्या पद्धतीकडे वळताना नेमका त्याचाच विसर पडतो. बादल्या चांगल्या आणल्या जातात, खतांचे द्रावण काळजीपूर्वक तयार केले जाते, आणि हवेचा पंप मात्र उरल्यासुरल्या पैशांतून, दुकानदार देईल तो, घेतला जातो.

माझे मत असे आहे की, हा क्रम उलटा करावयास हवा. पंपाचा व त्यास लागणाऱ्या विजेचा विचार आधी करावा. बादली मागाहून घ्यावी. आणि जेथे विजेची खात्री नाही, तेथे ही पद्धत घेऊ नये असे स्पष्ट सांगण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कचरू नये.

पद्धतीचे मर्म

या पद्धतीत सुमारे २० लिटरच्या अपारदर्शक बादलीत १५-१६ लिटर पोषक द्रावण भरतात. झाकणास भोक पाडून त्यात जाळीचा पेला बसवितात व त्यात रोप लावतात. मुळे खाली द्रावणात लोंबत राहतात. बादलीच्या तळाशी एक सच्छिद्र दगड असतो, त्यास बाजारात एअर स्टोन म्हणतात. पंपाने नळीवाटे ढकललेली हवा त्यातून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बुडबुडे जितके बारीक, तितका त्यांचा पाण्याशी संपर्क अधिक. शिवाय ते वर येताना पाणी ढवळले जाऊन पृष्ठभागावरूनही प्राणवायू विरघळतो.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिक यांनी तिला १९३७ साली 'हायड्रोपोनिक्स' हे नाव दिले. पुढल्याच वर्षी त्याच विद्यापीठातील होगलँड व अर्नन यांनी या विषयावर एक पत्रक प्रसिद्ध केले. पाण्यात पीक चमत्काराने वाढते हा समज त्यांनी खोडून काढला, आणि मुळांना हवा देण्याच्या व्यवस्थेस महत्त्व दिले. आज बाजारात साधने पुष्कळ झाली आहेत. पण मुळांची गरज तीच आहे.

येथे कोणी विचारील की, भात पाण्यात उभा राहतो, मग टोमॅटो का राहू नये? भाताच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. त्यांतून पानांकडील हवा मुळांपर्यंत पोहोचते. टोमॅटो, मिरची, काकडी यांना तशी सोय नाही. त्यांच्या मुळांना प्राणवायू पाण्यातूनच मिळाला पाहिजे.

एका प्रात्यक्षिकातील धडा

काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखाली टोमॅटोच्या १२ बादल्यांचे प्रात्यक्षिक मांडले होते. पंप एकच होता, पण मोठा होता, आणि त्याच्या खोक्यावरील आकडा पाहून मी निर्धास्त होतो. तो मी सोयीसाठी जमिनीवर ठेवला होता. मे महिन्यातील एका रात्री वादळाने वीज गेली. हवेचा दाब थांबताच बादल्यांतील पाणी नळ्यांतून उलटे वाहत पंपात शिरले. पहाटे वीज आली तेव्हा पंप जळाला. दुसरा पंप मिळेपर्यंत दोन दिवस गेले. झाडे फळांवर होती. ती पाण्यात उभी असतानाच सुकली. मुळांना प्राणवायू न मिळाला तर त्यांचे पाणी शोषण्याचे कामही थांबते, हे पुस्तकात वाचलेले मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. प्रात्यक्षिक पाहण्यास आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ह्या पाण्याला वाफसा राहिला नाही, असंच ना?" त्याहून नेमके निदान मला आजही करता येणार नाही. त्यात दोष पद्धतीचा नव्हता. माझ्या निवडीचा होता.

किती हवा लागते?

ढोबळ मानाने प्रत्येक ४ लिटर द्रावणास मिनिटाला अर्धा ते एक लिटर हवा धरावी. १६ लिटरच्या ४ बादल्या असतील तर एकूण ६४ लिटर द्रावणास मिनिटाला ८ ते १६ लिटर हवा लागेल. पालेभाज्यांस कमी आकडा चालतो. फळांवर आलेल्या टोमॅटोस वरचा आकडा धरावा.

मात्र खोक्यावर छापलेला आकडा हा बहुधा उघड्या हवेतील असतो. पंपाला ३० सेंटिमीटर पाण्याखाली हवा ढकलावयाची असते, तेथे तितक्या उंचीच्या पाण्याचा दाब त्याच्या विरुद्ध उभा असतो. त्यात बारीक छिद्रांच्या दगडाचा व लांब नळीचा अडथळा मिळतो. म्हणून आकड्यावर न जाता मोजून पाहावे. मोजण्याची रीत सोपी आहे. बादली नेहमीइतकी भरून एअर स्टोन तळाशी ठेवावा. एक लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरून तिचे तोंड पाण्याखाली राहील अशी दगडावर उलटी धरावी; तोंडाशी नरसाळे लावल्यास बुडबुडे निसटत नाहीत. बाटली हवेने भरण्यास २० सेकंद लागले तर त्या दगडातून मिनिटाला ३ लिटर हवा येते असे समजावे. पंप घेताना दुकानातच ही परीक्षा करून मागण्यात संकोच कसला?

एका पंपावर अनेक बादल्या असतील, तर जिच्यात पाणी उथळ तिच्याकडे हवा अधिक धावते आणि खोल बादली उपाशी राहते. यास्तव सर्व बादल्यांतील पाण्याची पातळी सारखी ठेवावी व प्रत्येक फाट्यास लहान तोटी बसवून हवा सारखी वाटावी.

एक मोठा की दोन लहान?

बाजारात मुख्यत्वे दोन प्रकारचे पंप मिळतात. मत्स्यपेटीस वापरतात तो रबरी पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅम पंप, स्वस्त असतो व थोड्या विजेवर चालतो. त्याचा पडदा कालांतराने फाटतो. पण सुटा पडदा मिळत असेल तर घरीच बदलता येतो. दुसरा दट्ट्याचा पंप. तो अधिक दाब व अधिक हवा देतो. परंतु वीज अधिक खातो व तापतो. पाचदहा बादल्यांच्या मालकाने एक मोठा दट्ट्याचा पंप घेण्याऐवजी पडद्याचे दोन पंप घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक बादलीत दोन दगड ठेवून एकेक दगड एकेका पंपास जोडावा. एक पंप बंद पडला तरी प्रत्येक झाडास निम्मी हवा मिळत राहते. घरात एक सुटा पडदा शिल्लक असावाच.

पंप पाण्याच्या पातळीहून उंच, सावलीत टांगावा. प्रत्येक नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. त्यातून हवा एकाच दिशेने जाते, पाणी उलट येत नाही. हा लहानसा तुकडा माझ्याजवळ त्या रात्री असता, तर निदान पंप वाचला असता. पंप ज्या खोलीतील हवा ओढतो तीच मुळांस मिळते; म्हणून चुलीचा धूर येतो किंवा कीटकनाशके ठेवली आहेत, अशा जागी तो ठेवू नये.

विजेचा हिशेब

हवेचा पंप अहोरात्र चालावा लागतो. ५ वॅटचा पंप महिन्यास सुमारे ३.६ युनिट वीज घेतो. ३५ वॅटचा सुमारे २५ युनिट. बिलातील हा फरक सोसता येईल. पण खरा फरक वीज गेल्यावर दिसतो. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज साठते. बॅटरी टिकावी म्हणून त्यांतील निम्मीच वापरली, तर थेट बॅटरीवर चालणारा ५ वॅटचा पंप ८ तास चालेल, आणि ३५ वॅटचा जेमतेम सव्वा तास. म्हणून पंप केवळ बादलीच्या मापाचा नव्हे, तर आपल्या बॅटरीच्याही मापाचा असावा. शेतीपंपांच्या स्वतंत्र वाहिनीवर ठरावीक तासच वीज मिळते, अशा रानात बॅटरीवाचून ही पद्धत मांडणे म्हणजे पेरणी करून पाऊस येईल की नाही ते न पाहण्यासारखे आहे.

तरीही अडचण आलीच, तर प्रत्येक बादलीतील एक तृतीयांश द्रावण स्वच्छ भांड्यात काढून ठेवावे, म्हणजे वरची मुळे दमट हवेत मोकळी होतील. आणि उरलेले द्रावण तांब्याने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे. हा रात्रभर जागण्याचा उपाय आहे, पण त्याने झाडे तगतात.

पंपाने न होणारी गोष्ट

मोठा पंप लावला की उन्हाळाही निभेल, असे पुष्कळांस वाटते. हा भ्रम आहे. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस साडेसात, तर ३५ अंशांस फक्त ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उलट तापमानाबरोबर मुळांची गरज मात्र वाढते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडते. तसेच संपृक्त द्रावणात कितीही हवा फुंकली तरी ती निघून जाते. शिवाय कोमट व कोंडलेल्या पाण्यात पिथियम हा मूळकुजव्या रोग बळावतो. पांढरी मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊन वास मारू लागतात. यास्तव विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील शेतकऱ्यांनी बादलीतील पीक हिवाळी हंगामातच घ्यावे. उन्हात बादल्यांवर सावली करावी व त्यांभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

शेवटची विनंती

दोन पंप, बॅटरी, व्हॉल्व्ह असा खर्च वाढविल्यास लहान शेतकरी ही पद्धत घेणारच नाही, असा आक्षेप माझे काही सहकारी घेतात. माझे उत्तर असे की, ज्यास हा खर्च पेलत नाही त्याने ती न घेणेच हिताचे आहे. त्याच्यासाठी नारळाच्या भुश्शातील लागवड आहे, कारण त्या भुश्शात हवा आपोआप राहते. पालेभाज्यांसाठी हवाई विद्यापीठाचे क्रॅत्की यांची पंपाविना चालणारी रीत आहे; तीत द्रावणाची पातळी हळूहळू उतरते व वरची मुळे हवेत राहतात. शेतकऱ्याचे समाधान कोणत्या यंत्राने होते हे महत्त्वाचे नाही. त्याचे पीक हाती लागते की नाही हे महत्त्वाचे आहे.

कार्यकर्त्या बंधु-भगिनींनी एखाद्या अंगणात नव्या बादल्या दिसल्या, तर द्रावणाची चौकशी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "रात्री वीज गेली तर या मुळांना हवा कोण देणार?" त्यास समाधानकारक उत्तर मिळाले, तरच रोप लावण्याचा सल्ला द्यावा. वाफसा पाहून तिफण धरणाऱ्या शेतकऱ्यास हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.