हत्याराची वाट आणि मूर्तीची पापणी

जयपूरच्या पश्चिमेस वैशाली नगर ही मोठी वसाहत आहे. तेथून चांदपोल दरवाज्याकडे निघालेली बस प्रत्येक वळणावर थांबून, तोंड फिरवून पुन्हा सुटू लागली, तर प्रवाशांना धक्के बसतील आणि वेळही वाया जाईल. चांदपोलच्या आत ‘खजानेवालों का रास्ता’ आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या संगमरवरी मूर्ती घडत आल्या आहेत. आता राजस्थानात दगड कोरणारी संगणकचलित यंत्रेही आली असून त्यांच्या हत्यारापुढील अडचण त्या बससारखीच असते.

मूर्तीचा गोलावा यंत्राला पुष्कळदा बारीक सरळ रेषांचे तुकडे करून सांगितला जातो. दोन तुकडे जेथे मिळतात तेथे दिशा एकाएकी बदलते. त्या जागी यंत्राला वेग आवरावा लागतो. न आवरल्यास ते हादरते आणि हादऱ्याची खूण दगडावर उमटते. पाच अक्षांच्या यंत्रात हत्यार सरकते तसेच कलतेही. सहा सांध्यांच्या यंत्रबाहूत तर काही स्थिती अशा येतात, की हत्याराची दिशा किंचित बदलण्यासाठी मनगटाच्या सांध्यांना मोठा फेरा घ्यावा लागतो. म्हणून टोकाची वाट सलग असणे पुरेसे नाही. हत्याराचा कल, सांध्यांचा वेग व त्वरण यांतही खंड पडता कामा नये.

यासाठी लागणारे गणित उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये १९५९ साली सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो यांनी आणि पुढे रेनो कारखान्यात पिएर बेझिए यांनी, थोड्या बिंदूंनी हवे तसे वळविता येणारे वक्र मोटारींच्या आकारांसाठी सिद्ध केले. अशा वक्रांनी वाटेतील कोपरे मऊ होतात.

परंतु मऊ केलेली वाट मूळ वाटेपासून थोडी ढळतेच. गालावर केसभर फरक खपून जातो. पापणीच्या कडेवर तोच फरक मूर्तीची दृष्टी हरवतो. वाट कोठे किती ढळू द्यावी, हे गणित स्वतः ठरवीत नाही. ते त्याला सांगावे लागते. सबंध मूर्तीला एकच मर्यादा लावणे सोयीचे खरे, पण योग्य नव्हे. गालावर यंत्राने खुशाल वेगाने जावे. पापणीपाशी मर्यादा कडक ठेवून वेग सोडावा. हा विवेक छिन्नी चालविलेल्या हातालाच असतो. यंत्र आले म्हणून कारागिराचे काम संपले, असे मानणारे हेच विसरतात. तंत्रशाळेतील विद्यार्थ्याने काही दिवस मूर्तिकाराजवळ बसावे आणि मूर्तिकाराच्या मुलांनी वक्रांचे गणित शिकावे, यातच दोघांचे हित आहे.