सिस्टरच्या कमरेचा हिशेब

रमजान आला की ‘खिदमत’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. मराठीत त्यालाच आपण सेवा म्हणतो. दोन्ही भाषांत हा शब्द सहज बहाल केला जातो तो दवाखान्यातल्या सिस्टरला. शब्द कौतुकाचाच आहे, पण त्याच्या आड तिची दुखरी कंबर झाकली जाते.

वॉर्डात आलेल्याला इंजेक्शन, सलाइन आणि गोळ्या देणे दिसते. अंग मोडते ते दुसऱ्याच कामाने. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी पालटावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, म्हणजेच बेडसोर. आठ तासांच्या पाळीत एका रुग्णासाठी हे काम चार वेळा. असे दहा रुग्ण असले तर चाळीस वेळा. शिवाय घसरलेल्याला उशीकडे सरकवणे, स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे, त्याच्या अंगाखालची चादर बदलणे आहेच. कमरेतून वाकणे, वाकलेल्या स्थितीतच वळणे आणि ओझे अंगापासून लांब धरणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो तो अशाच हालचालींत.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने, सगळे अनुकूल असताना हाताने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. माणूस उचलायचा तर ती साधारण १६ किलोवर येते; कारण माणूस पोत्यासारखा स्थिर नसतो. तो कण्हतो, निसटतो, घाबरून मानेला मिठी मारतो. साठ किलोचा रुग्ण दोघींनी उचलला तरी एकीच्या वाट्याला तीस किलो येतात. आणि रात्रपाळीला दुसरी हाताशी असेलच असे नाही.

या कामाचे मोल महाराष्ट्राने पाहिलेले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होत्या. सुमारे ४२ वर्षे सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणात काढूनही त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत, याची देशभर वाखाणणी झाली. ती एक पाठ जपताना किती सिस्टरांच्या पाठी झिजल्या असतील, हे विचारावेसे मात्र फारसे कुणाला वाटले नाही.

दुखणे वयाचे किंवा घरकामाचे असेल, असे सांगून विषय मिटवला जातो. घरचे काम आहेच. रात्रपाळी करून आलेली सिस्टर सेहरीची भांडी घासते किंवा मुलांचे डबे भरते. पण मूळ प्रश्न हातांच्या संख्येचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. ज्याला शंका असेल त्याने एखाद्या जनरल वॉर्डात रात्री जाऊन खाटा आणि सिस्टर मोजाव्यात.

त्यावर उपाय काय होतो? कमरेला पट्टा, एक वेदनाशामक गोळी आणि ‘नीट वाकत जा’ हा सल्ला. केवळ वाकण्याच्या प्रशिक्षणाने कंबरदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. उंची कमी-जास्त करता येणारी खाट, रुग्णाला न उचलता सरकवणारी गुळगुळीत चादर आणि सोबतीला दुसरी व्यक्ती यांनी भार खरोखर हलका होतो. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, याची मर्यादा कॅलिफोर्निया राज्यात २००४ पासून कायद्यानेच पाळावी लागते.

‘सेवा म्हटली की कष्ट आलेच’, असे म्हणणाऱ्यांनी रोजाचे नियम पाहावेत. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणारी आई यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. इबादतसुद्धा शरीराची मर्यादा ओळखते. मग ड्युटी लिस्टने ती का ओळखू नये?

मगरिबच्या अजानला रोजेदार सिस्टर कोपऱ्यात उभी राहून खजूर आणि दोन घोट पाणी घेते, तेवढा वेळ जोडीची सिस्टर तिच्या खाटांवर लक्ष ठेवते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी याच्या उलट होते. ही त्यांची आपसांतली माणुसकी आहे. तिच्या भरवशावर रिकाम्या जागा वर्षानुवर्षे तशाच ठेवणे ही माणुसकी नव्हे.

गावोगावी सण-उत्सवांत, जयंत्यांना आणि रमजानमध्येही सरकारी दवाखान्यात फळवाटप होते, फोटो निघतात. केळी दिवसभरात संपतात. चार मंडळांनी मिळून वॉर्डाला एक चांगली खाट किंवा रुग्ण सरकवण्याच्या दहा चादरी दिल्या, तर त्या कित्येक वर्षे कामाला येतील. रिकाम्या जागा मात्र दानाने भरत नाहीत, ते सरकारचे आणि संस्थाचालकांचे काम आहे. तेव्हा फळे देऊन परतताना रुग्ण कल्याण समितीला एवढेच विचारावे : आज रात्री या वॉर्डात खाटा किती आणि सिस्टर किती?