सुटीतले मूल आणि मुंबईचे वेळापत्रक

मे महिन्याची सुटी लागली की अर्नाळ्याच्या रस्त्यावर दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात. मुंबईची कुटुंबे विरारला उतरून समुद्रकिनाऱ्याकडे निघतात. त्याच वेळी गावातील एखादे कुटुंब पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून, त्याला 'मुंबई दाखवायची' म्हणून विरारच्या बसमध्ये चढते. पहिल्या प्रवाहाला पर्यटन म्हणतात. त्यावर परिसंवाद होतात, शासनाची धोरणे जाहीर होतात. दुसऱ्या प्रवाहाला नाव नाही आणि धोरणही नाही. वस्तुतः लहान मुलाच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले, तर दुसऱ्याचेच महत्त्व अधिक मानावे लागेल.

या प्रवासाचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. राणीच्या बागेत जायचे, तर अर्नाळ्याहून बसने विरार, तेथून पश्चिम रेल्वेने दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेने भायखळा. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्या कुटुंबाला याच्या आधी होडी, आणि अंधारापूर्वी परतीची होडी गाठण्याची घाई. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १८६७ साली धावली; तेव्हापासून हा मार्ग मुंबईला माणसे पुरवीत आला आहे. वसई-विरार पट्ट्यातील फुले आणि भाजी, अर्नाळ्याची मासळी, आणि हजारो कारकून-कामगार याच गाड्यांनी शहरात पोहोचतात. शहर या माणसांना ओळखते ते कामाच्या वेळेपुरते. तीच माणसे रविवारी मूल कडेवर घेऊन आली की त्यांच्यासाठी कोणतीही व्यवस्था केलेली आढळत नाही.

रेल्वेच्या भाडेरचनेतच ही दृष्टी उमटलेली आहे. उपनगरी मासिक पास सुमारे १५ एकेरी फेऱ्यांच्या हिशोबाने देण्याची पद्धत आहे. २०१४ च्या जूनमध्ये तो हिशोब ३० फेऱ्यांवर नेण्याचा निर्णय झाला, आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेण्यात आला. महिन्यातील पंचवीस दिवस जाऊन-येऊन प्रवास करणारा मनुष्य ५० फेऱ्या करतो. म्हणजे त्याला एक फेरी एकेरी भाड्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी दरात पडते. वर्षातून एकदा मुलाला घेऊन जाणारे कुटुंब मात्र पूर्ण दर मोजते. श्रमशक्तीची ने-आण स्वस्त ठेवणे हे शहराच्या अर्थव्यवस्थेस आवश्यकच आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. शिवाय एकेरी भाडेही अद्याप हलकेच आहे. तिन्ही उपनगरी मार्गांवर चालणारे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. परंतु त्याची माहिती विरारच्या तिकीटखिडकीपाशी उभ्या असलेल्या किती जणांना असते?

खरी किंमत पैशात मोजली जात नाही. लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते, आणि सव्वा-दीड तास कळ काढण्याचे वय पाच वर्षांच्या मुलाचे नसते. बारा वर्षांखालील मुलाला महिलांच्या डब्यात आईबरोबर बसता येते, पण मग वडील एका डब्यात आणि आई दुसऱ्यात, आणि दादरच्या गर्दीत एकमेकांना शोधणे आले. स्थानकावरच्या किंवा रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची अवस्था काय असते, हे स्त्रियांनी २०११ पासून 'राइट टू पी' या चळवळीद्वारे शहराला परोपरीने सांगितले आहे. मूल सोबत असलेल्या स्त्रीची अडचण तर दुहेरी. एस.टी.च्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी कक्ष काढून त्याला 'हिरकणी' हे नाव दिले गेले, ही कल्पना मोठी सुंदर होती. मात्र हिरकणी आपल्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरली, कारण गडाचे दरवाजे वेळेवर बंद झाले होते. नाव देणाऱ्यांनी दरवाजांचाही थोडा विचार करावयास हरकत नव्हती.

दरवाजांचा विषय निघालाच आहे, तर रविवारच्या जम्बो ब्लॉककडे वळले पाहिजे. रुळांची देखभाल झालीच पाहिजे, आणि कामाच्या दिवशी ती करता येत नाही, हे मान्य. परंतु याचा अर्थ असा होतो की, कुटुंबाला ज्या एकाच दिवशी एकत्र बाहेर पडणे शक्य आहे, तोच दिवस रेल्वेने दुरुस्तीसाठी निवडला आहे. रविवारी मुळातच फेऱ्या कमी. त्यात सकाळी दहाच्या सुमारास ब्लॉक सुरू झाला की उरलेल्या गाड्यांत गर्दी कामाच्या दिवसासारखीच होते. या व्यवस्थेने सुटीचा प्रवास हा प्रवासच मानलेला नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. पण ज्याला तिकीट नाही तो विकलेल्या तिकिटांच्या आकड्यांत येत नाही, आणि जो आकड्यांत नाही त्याच्यासाठी बाकडे, सावली, पाणी यांची मागणी कोणत्याही अंदाजपत्रकात उमटत नाही.

मुंबईने मुलांकडे नेहमीच असे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. भायखळ्याची बाग १८६२ ची. १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क आणि त्यातला तो म्हातारीचा बूट आला. १९७७ मध्ये वरळीला नेहरू तारांगण झाले, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात तेथे विज्ञान उद्यान सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याचे पूर्ण विज्ञान केंद्र झाले. त्या पिढीतील राज्यकर्त्यांचे इतर दोष काहीही असोत, मुलाने शहरात येऊन काही पाहावे, ही जबाबदारी सार्वजनिक पैशाची आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढच्या काळात ही जागा मॉलमधील खेळघरांनी घेतली. २०१३ मध्ये घाटकोपरला उघडलेल्या किडझानियासारख्या ठिकाणी एका मुलाचे तिकीट काढताना शिक्षकाला किंवा कारकुनाला दोनदा विचार करावा लागतो. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये मुलांचे संग्रहालय निघाले, हा सुखद अपवाद. मत्स्यालयाची दारे कोरोनाच्या काळात बंद झाली. ज्याच्या घरी रोज बोंबील आणि पापलेट येतात त्या अर्नाळ्याच्या मुलाला मासा जिवंतपणी पोहताना कसा दिसतो, हे दाखविणारी ती जागा होती.

राणीच्या बागेचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१६ मध्ये पेंग्विन आले, २०१७ मध्ये ते लोकांना दाखविण्यात आले, आणि त्याच वर्षी मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये आणि मुलांचे २ रुपयांवरून २५ रुपये झाले. वाढ दसपटीची आणि त्याहून अधिक. खर्चाचा काही भाग भेट देणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व अर्थशास्त्रात नवे नाही. तथापि ज्या वस्तूचा लाभ पुढील पिढीच्या जाणिवेत होतो, तिचा खर्च दारावर वसूल करणे ते तत्त्व सांगत नाही. महापालिकेने त्या वेळी एक शहाणपणाची गोष्ट मात्र केली. आईवडील आणि दोन मुले यांच्यासाठी १०० रुपयांचे एकत्र तिकीट ठेवले. सोबत आलेली आत्या किंवा मावशी या व्याख्येत बसत नाही, हा भाग वेगळा. गावाकडच्या कुटुंबाची बेरीज चारवर थांबतेच असे नाही. पुढे २०२५ च्या मे महिन्यात, ऐन सुटीत, बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. स्थानकापासून तारांगण, तारांगणापासून चौपाटी अशा छोट्या टप्प्यांवरच सहलीची बस लागते, आणि किमान भाडे वाढले की सर्वाधिक फटका या टप्प्यांनाच बसतो.

मुंबई पिते ते वैतरणेचे आणि तानसेचे पाणी शहराबाहेरच्या मुलुखातून येते. तेव्हा त्या मुलुखातील मुलांवर शहराने उपकार करावेत, असा प्रश्नच उद्भवत नाही. मागणी अगदी मर्यादित आहे. बागेतील कुटुंब-तिकिटाची कल्पना रेल्वे, बेस्ट, तारांगण आणि संग्रहालये यांनी मिळून स्वीकारावी, म्हणजे विरारच्या खिडकीवर एकच तिकीट घेऊन दिवस काढता येईल. दादर, भायखळा आणि चर्चगेट येथे मुलासह आलेल्यांसाठी एक स्वच्छ खोली असावी. आणि मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुटीतील रविवारी दिवसाचा ब्लॉक टाळून ते काम रात्री करावे. सर्व रविवार मोकळे करणे शक्य नसेल, तर निदान कोणते मोकळे आहेत हे तरी लोकांना वेळेवर कळावे. आज ब्लॉकचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत आदल्या दिवशी वाचावयास मिळते. मे महिन्याचे वेळापत्रक मार्चमध्ये जाहीर केल्यास रेल्वेला त्यासाठी वेगळा खर्च येणार नाही.