मंद वारा आणि विजेची तार

जैन दर्शनाने वाऱ्याची गणना वायुकाय जीवांत केली. त्याच्या मंद झुळुकीलाही नगण्य मानले नाही. विजेची तार तुटली की मात्र लोक दोष वादळालाच देतात. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या काळ्या, सपाट शिवारात वाऱ्याला अडवणारे फारसे काही नाही. अशा मोकळ्या रानावरून पहाटे जो संथ, एकसारखा वारा वाहतो, तोही मनोऱ्यांमधील लांब तारांचा शत्रू असतो.

गोल तारेवरून वारा सरकला की तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटतात आणि तार वर-खाली थरथरू लागते. वादळात वाऱ्याचा वेग क्षणोक्षणी बदलतो, त्यामुळे ही लय टिकत नाही. सेकंदाला 1 ते 7 मीटर वेगाच्या वाऱ्यात ती जमते. 21 मिलिमीटर जाडीची तार आणि 2 मीटर वेगाचा वारा धरल्यास सेकंदाला सुमारे 19 कंपने होतात. तासाला 68 हजार, आठ तासांच्या रात्रीत साडेपाच लाख! पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ही हालचाल बहुधा तारेच्या जाडीहूनही कमी असल्याने खालून दिसत नाही.

मनोऱ्यावरील पकडीत तार आवळलेली असते. तेथे ती पुन्हा पुन्हा वाकते, ॲल्युमिनियमचे पदर एकमेकांवर घासतात आणि एकेक करून तुटतात. उरलेल्या पदरांवर प्रवाहाचा भार वाढून ती जागा तापते. शेवटी तार शेतात पडली, तर माणूस आणि बैल दोघांच्याही जिवावर बेतते.

तारेला झोळ दिसला की अनेकांना ती हयगय वाटते. जमिनीपासूनचे अंतर राखून दिलेला झोळ आवश्यकच असतो. फार ताणलेली तार अधिक थरथरते, आणि थंडीत ती आकसून आणखी ताणली जाते.

यावरचा उपाय साधा आहे. मनोऱ्याजवळ तारेखाली व्यायामाच्या डंबेलसारखी दोन वजने लोंबताना दिसतात. कॅलिफोर्नियातील अभियंता जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी 1920 च्या दशकात ही युक्ती शोधली. तार थरथरली की वजने जोडणारी छोटी पोलादी दोरी वाकते, तिचे पदर घासतात आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. वजन निखळलेले किंवा गाळ्याच्या मध्याकडे सरकलेले दिसल्यास वीज कार्यालयास कळवावे. पडलेल्या तारेजवळ कोणी जाऊ नये, जनावरे दूर ठेवावीत आणि 1912 या क्रमांकावर तत्काळ सूचना द्यावी.